'जिणं आमुचं' : मोठ्याने वाचलेले पुस्तक

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' मी पहिल्यांदा वाचले ते एम. ए.च्या परीक्षेसाठी. उत्तरपत्रिकेत तेव्हा जे लिहिले ते अजून आठवते, आणि आठवले की लाज वाटते. दलित स्त्रीच्या दुःखाचा हा मौलिक सामाजिक दस्तऐवज आहे. मात्र रचना विस्कळीत आहे, पुनरुक्ती फार आहे, स्वतंत्र व्यक्तिरेखा उभ्या राहत नाहीत, अशी ती वाक्ये होती. ती माझी नव्हती. वर्षानुवर्षे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत आलेल्या टिपणांतली होती. त्यांना गुण चांगले मिळाले. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि तीच वाक्ये काही वर्षे वर्गात सांगत राहिलो.

ही वाक्ये खोटी आहेत हे मला कोणत्याही समीक्षाग्रंथाने सांगितले नाही. हे पुस्तक मोठ्याने वाचण्याची पाळी आली तेव्हा ते कळले. आज हे माझे सर्वांत आवडते पुस्तक आहे. वाचताना मला जो आनंद झाला त्याची मात्र पुष्कळ दिवस अडचण वाटत होती. उपासमारीचे, मारहाणीचे, मेलेल्या लेकरांचे पुस्तक वाचून आनंद झाला असे आपल्या चळवळीतल्या माणसाने म्हणावे काय? हा प्रश्न कार्यकर्त्या मित्रांनी मला प्रत्यक्ष विचारला आहे. म्हणून हा लेख.

आधी माझ्या तोंडाविषयी सांगितले पाहिजे. आमचे गाव बीड जिल्ह्यातले. माय-बाप दरसाल दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जात; मी आजीजवळ राहून शिकलो. घरात पाटी सोडली तर अक्षर नव्हते. सहावीत असताना गुरुजींनी धडा वाचायला उभे केले. मी 'पाणी'ला 'पानी' म्हणालो. वर्ग हसला. गुरुजींनी तो शब्द दहा वेळा म्हणायला लावला आणि दहाही वेळा मी 'पानी'च म्हणालो, कारण भीतीने जीभ टाळूला लागेना. त्या दिवसापासून मी मनात वाचू लागलो. मनात वाचणाऱ्याकडे 'न' आणि 'ण' यांचा हिशेब कोणी मागत नाही. माझे सगळे पुढचे शिक्षण असे ओठ मिटून झाले. आपल्यापैकी अनेकांचे तसेच झाले असेल. अभ्यासिकेत मान खाली घालून वाचणारा मुलगा गुणी समजला जातो. तो गप्प का आहे हे कोणी विचारत नाही.

आज 'ण' माझ्या जिभेवर पक्का बसला आहे. घरी गेलो की तो मायला ऐकू येतो. ती म्हणते, "लई शिकल्यावानी बोलतूस बाबा."

वास्तविक आपल्या चळवळीत वाचन हे मोठ्यानेच होत आले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तेव्हा ज्यांच्यासाठी तो होता त्यातल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हते. चाळीत, वस्तीत एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचे, असेच ते पत्र लोकांत पोचू शकत होते. खुद्द बाबासाहेबांचे वाचनही तसेच सुरू झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली लिहिलेली, पण पहिल्या आवृत्तीत न छापली गेलेली एक प्रस्तावना आहे. रामजी सुभेदार लहान भीमरावाला रामायण-महाभारत वाचायला बसवीत, आणि बहिणी व घरी कथा ऐकायला जमलेली माणसे ऐकत, असे त्यांनी तिच्यात सांगितले आहे. ज्या ग्रंथांची त्यांनी पुढे चिरफाड केली ते आधी त्यांच्या स्वतःच्या कंठातून गेलेले होते. हे आपण का वाचायचे, असा प्रश्न त्यांनी वडिलांनाच विचारला आणि मिळालेल्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. मोठ्याने वाचणारा पोर भाविकच होतो हा समज यावरून तरी सोडून द्यावा.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झाले? बावीस प्रतिज्ञा लाखोंनी एका वेळी उच्चारल्या. त्या गर्दीतल्या निरक्षर माणसाने कागद पाहिलेला नव्हता. शब्द त्याच्या तोंडात आला आणि मग तो त्याचा झाला.

आता आमच्या विहाराकडे येतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचण्याची प्रथा वस्त्यावस्त्यांत आहे, तशी आमच्याकडेही आहे. सुट्टीत आणि शनिवार-रविवारी गावी असलो की ते काम माझ्याकडे येते. ते मी माझ्या प्राध्यापकी आवाजात करीत असे. एका वर्षी ग्रंथ आठवडाभर आधीच संपला. वंदना झाली, पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे पारावर गेली, आणि बायका बसून राहिल्या. "आता काय वाचतूस?" असे एका आजीने विचारले. पिशवीत वर्गासाठी नेलेले 'जिणं आमुचं' होते. ते काढले. मला दिवाळीपर्यंत सुट्टी होती. आठ-नऊ रात्री आम्ही ते वाचले. पंधरा-वीस बायका असत. त्यातल्या सहा-सात जणी पौर्णिमेनंतर फडावर जाणार होत्या. उचल घेऊन झाली होती.

पहिल्याच रात्री एक गोष्ट ध्यानात आली. पुस्तक वीरगावच्या महारवाड्यापासून सुरू होते, आणि त्यात आषाढ महिना येतो: सारवण, अंघोळी, देवदेव, अंगात येणे, पोतराज, मरीआईचा रेडा. ज्या महिन्यात आमचा वर्षावास सुरू होतो तोच हा महिना. वर्गात हे मी 'अंधश्रद्धेचे चित्रण' म्हणून शिकवीत होतो. विहारात बुद्धमूर्तीसमोर बसलेल्या म्हाताऱ्या मात्र ते ऐकताना एकमेकींकडे पाहून हसू लागल्या. एकीच्या सासूच्या अंगात येत असे. तिने ते कसे येई ते बसल्या जागी घुमून दाखवले, आणि विहार हसण्याने भरून गेला. मी गोंधळलो. मग लक्षात आले की बेबीताईंच्या लेखनातही हे हसू आहे. त्यांनी त्या बायांची टर उडवलेली नाही आणि त्यांची बाजूही घेतलेली नाही. वर्षभर पिचलेल्या बाईला त्या महिन्यात अंग मोकळे करायला मिळते आणि त्याच मोकळिकीत ती आणखी बांधली जाते, हे दोन्ही एकाच दमात सांगितले आहे. डोळ्यांनी वाचताना मी ते दोन वेगळे मुद्दे करून वहीत उतरवले होते. श्वास एकच असल्यामुळे आवाजाला तसे करता येत नाही.

पुनरुक्तीच्या आक्षेपाचे तसेच. बेबीताई एकदा काय घडले ते क्वचित सांगतात. नेहमी काय घडे ते सांगतात. भुकेने निवडुंगाची बोंडे खाल्ली जात. सून कोवळ्या वयात जात्याला बसवली जाई. बाळंतिणीच्या पोटात अन्न नसे. मनात वाचणाऱ्याला तिसऱ्या वेळी वाटते, हे कळले आता, पुढे चला. ऐकणारीला तसे वाटत नाही. 'नेहमी असे होई' या वाक्यात तिला स्वतःची जागा सापडते, आणि ती जागा भरायला तिला वेळ लागतो. मी भुकेचे एक पान वाचले की कोणीतरी म्हणे, "व्हय, आमच्याकडं तरवट्याची भाजी खायचे," आणि मग त्यावर दहा मिनिटे जात. मी गप्प बसून ऐके. पुन्हा पुस्तकाकडे वळलो की पुढच्या पानावर तीच भूक दुसऱ्या अंगाने आलेली असे आणि ती बरोबर हवी तिथे येई. पुनरुक्ती म्हणून मी गुण कापीत होतो ती ऐकणाऱ्यांसाठी मोकळी ठेवलेली जागा होती. ज्या वाचकाच्या शेजारी कोणी बसलेले नसते त्याला ती रिकामी दिसते.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये लयीचे संवाद, विरोध, समतोल असे प्रकार सांगितले. आम्ही ते मुलांना पाठ करायला लावतो. त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण ती लय एकट्याच्या मनात जुळते. जात्यावर दोघी समोरासमोर बसून एक खुंटा ओढतात तेव्हा जी लय होते तिला दुसरी बाई लागते. 'जिणं आमुचं'ची लय या दुसऱ्या जातीची आहे. पुस्तकाच्या नावातच 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. स्वतंत्र व्यक्तिरेखा उभी राहत नाही, या तक्रारीला हे शीर्षकच उत्तर होते आणि ते आम्ही मुखपृष्ठावर वाचून विसरलो.

विनोदाविषयीही सांगितले पाहिजे, कारण दलित आत्मकथनांवरील लेखांत तो कोणी शोधत नाही. आपल्या समीक्षेतले शब्द पाहा: वेदना, विद्रोह, नकार, जाणीव. यात हसू कुठे बसवायचे? बेबीताई सरपणाची मोळी ब्राह्मणाच्या दारी नेणाऱ्या बाईचा प्रसंग सांगतात. मोळीत केस किंवा दोरा राहिला असेल तर घर विटाळेल, नीट पाहून टाक, असे घरधनीण दुरून बजावते. तिच्या बोलण्याची नक्कल बेबीताई करतात. ती नक्कल मला करावी लागली. गंमत अशी की त्यासाठी मला माझा कमावलेला 'ण' कामी आला! मी तो नाकातून काढला आणि बायका लोटपोट झाल्या. सहावीतल्या वर्गाच्या हसण्यानंतर इतक्या वर्षांनी माझ्या उच्चाराला कोणी हसत होते, आणि या वेळी हसणे माझ्या बाजूचे होते. माय मागे भिंतीला टेकून बसली होती. तीही हसत होती. नंतर कधीतरी महारवाड्यातल्या बायकांची वाक्ये वाचताना माझा 'ण' गळून पडला. केव्हा ते मला कळले नाही. मायने घरी जाताना सांगितले, "आज आपल्यावानी वाचलंस."

तिला या पुस्तकाची आणखी एक ओढ होती. फलटण, नीरा, जेजुरी ही नावे आली की ती मध्येच बोले. त्या बाजूच्या फडावर ती अनेक हंगाम राहिली आहे. तिच्या लेखी फलटण म्हणजे कोपी, थंडी आणि डोक्यावरची मोळी. तिथे एक बाई किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून, सामान बांधून आलेल्या रद्दीचे कागद वाचत होती आणि घरच्यांच्या नजरेआड वह्या भरत होती, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बेबीताईंनी हे लेखन पुष्कळ वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. ते १९८६ साली पुस्तकरूपाने आले. चोरून लिहिलेले पुस्तक वीस बायांत बसून उघड्या आवाजात वाचण्याचे सुख काय असते हे लिहून सांगता येईल असे वाटत नाही.

पण सगळ्या रात्री हसण्याच्या नव्हत्या. सासरहून पळणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घालीत, आणि संशयावरून नवरा बायकोचे नाक कापी, हे वर्णन ज्या पानांवर आहे त्या पानांशी मी अडलो. आवाज चढेना. मनात वाचताना मी तिथे 'दलित पुरुषसत्तेची चिकित्सा' असे समासात लिहिले होते. आता तिथे 'आम्ही' हा शब्द मला तोंडाने म्हणायचा होता आणि तो बायकांचा 'आम्ही' होता. मी कोणत्या 'आम्ही'तला? माझ्या बापाने उचल फिटली नाही की त्याचा राग मायवर काढलेला मी कोपीत सुट्टीला गेलो असताना पाहिला आहे. ती समोर बसली होती. मी पान उलटू लागलो तेव्हा पहिल्या दिवशीच्या त्याच आजीने म्हटले, "थांबू नको. त्या बाईनं लिवलंय, तुला वाचायला काय झालं?" मी वाचले. कोणी काही बोलले नाही. माय पदराने चष्मा पुसत होती, तो नेहमीच पुसते.

इंग्रजी अनुवादाला (माया पंडित, २००८) जोडलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी सांगितले आहे की त्यांनीही नवऱ्याचा मार सोसला, पण पुस्तकात तो लिहिला नाही. त्यांना साऱ्या समाजाचे दुःख सांगायचे होते. या निर्णयावर वाद होऊ शकतो. स्वतःला वगळून सर्वांचे सांगणे हे धैर्य की संकोच? मी वर्गात हा प्रश्न मुलींना विचारतो आणि दर वर्षी उत्तरे वेगळी येतात. त्या रात्रीनंतर मला एवढे वाटते की 'आम्ही' म्हटल्यामुळेच ते पान माझ्या मायला ऐकता आले. 'मी' असते तर ती उठून गेली असती.

पुस्तकाला दोष नाहीत असे नाही. बाबासाहेबांच्या गौरवाचा भाग लांबला आहे. मोठ्याने वाचतानाही तो लांबतो. शेवटच्या ओळीतली एक मुलगी चक्क जांभया देत होती. शिकून नोकरीला लागलेल्या आणि वस्तीला विसरलेल्या पिढीची बेबीताई कानउघाडणी करतात, तिथे सूर भाषणाचा होतो. एकट्याने वाचताना मी त्यावर 'प्रचारकी' अशी खूण केली होती. विहारात ते वाचताना वीस बायका माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. साऱ्या वस्तीत पगारी, शिकलेला, शहरात राहणारा असा मीच होतो आणि माझ्याच तोंडाने मी माझी खरडपट्टी काढीत होतो. "वाच, वाच, त्येच परत वाच," असे एक जण म्हणाली. मी परत वाचले. प्रचारकी हे विशेषण मी मागे घेतलेले नाही. पण ते लिहिताना मी कुठे बसलो होतो हे आता विचारात घेतो.

आता आनंदाविषयी. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) मध्ये आनंदवादी सौंदर्यकल्पना दलित साहित्याला लावता येणार नाही अशी मांडणी केली. ज्या साहित्याचा विषय वेदना आहे ते वाचून कोणी आनंदित होत असेल तर त्या वाचकाचे काहीतरी चुकते आहे, हा त्यामागचा रोख रास्त आहे. पांढरपेशा रसिकाने आपली दुःखे चाखून पाहावीत यासाठी आपण लिहिलेले नाही. हे मी मान्य करतो आणि तरीही म्हणतो की आनंद हा शब्द त्यांच्याकडेच ठेवून आपण चूक केली. तो शब्द सहृदय रसिकाच्या मक्तेदारीचा आहे हे कोणी ठरवले? त्या रात्री आम्हांला नाक कापल्याचा आनंद झाला नाही. जे पिढ्यान्‌पिढ्या तोंडातल्या तोंडात राहिले ते पुस्तकात छापले गेले आहे, ते आपल्याच बोलीत आहे, आपल्यातला एक ते वाचतो आहे आणि त्यात चूक झाली तर आपण दुरुस्त करू शकतो, याचा तो आनंद होता. त्यात राग होता, लाज होती, हसू होते. दुसऱ्या दिवशी बायका लवकर स्वयंपाक उरकून येत होत्या ते केवळ वेदनेच्या ओढीने नव्हे. वेदना त्यांच्या घरात पुरेशी होती.

ज्या शिक्षकांना हे पुस्तक अभ्यासक्रमात शिकवावे लागते त्यांना माझे सांगणे आहे की व्याख्यान थोडे कमी करावे आणि तास वाचनाला द्यावा. मुलांना आपापल्या उच्चारात वाचू द्यावे. आमच्या वर्गात हल्ली पहिला तास नुसता वाचनाचा असतो. काही मुले आरंभी लाजतात. कोणी हसले तर मी त्यालाच पुढचे पान देतो.

पौर्णिमेनंतर बायका फडावर निघाल्या. भावकीतल्या एका वहिनींना पुस्तक हवे होते, पण त्यांना वाचता येत नाही आणि लेकरे अजून लहान आहेत. त्यांनी मोबाईल पुढे केला आणि म्हणाल्या, "ह्याच्यात वाचून द्या भावजी." मी घरी दार लावून एकट्याने, तीन दिवस लागून, ते पुस्तक मोबाईलमध्ये वाचून दिले. तो हंगाम त्यांचा फलटणच्या बाजूलाच होता. पंधराएक दिवसांनी त्यांचा फोन आला. रात्री कोपीत पाच-सहा जणी मिळून ऐकतो, असे त्यांनी सांगितले. मग थोडे थांबून म्हणाल्या, "भावजी, एक पान तुमी गिळलं. इहारात वाचलं व्हतं. त्ये खोड्याचं."

मी गिळले होते. आजी समोर नव्हती, माय नव्हती, दार लावलेले होते. त्या रात्री ते पान वाचून त्यांना पाठवले.